कॉम्प्युटर घ्यायचा, तर आधी कान द्या



आज बोलणार एकजण आहे, पण हे बोलणं आम्ही पाचजणींनी बसून लिहिलंय, म्हणून ‘आम्ही’ म्हणतोय. आम्ही ग्रामसंघाचं काम बघतो. चौदा बचत गटांचा हिशेब आमच्याकडे असतो. मागे आम्ही ग्रामसंघासाठी दुसरा कॉम्प्युटर घेतला. दुसरा का घ्यावा लागला, पहिल्याचं काय चुकलं आणि दुकानात गेल्यावर काय काय विचारायचं, एवढंच आज सांगायचंय. तालुक्याच्या बैठकीला गेलं की चहाच्या वेळेला कुणीतरी ताई हमखास विचारतात, "तुम्ही कुठला घेतला? आमच्या संघानं घ्यावा का?" प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा रेडिओवर सगळ्यांना एकदम सांगू, असं ठरलं. वही-पेन जवळ असेल तर घेऊन बसा. नसेल तरी चालेल, शेवटी प्रश्न परत सांगणार आहोत.

आधी पहिल्या कॉम्प्युटरची गोष्ट.

तो आम्ही स्वतः निवडलाच नव्हता. एका सदस्याच्या भाच्याची दुकानात ओळख होती. तो म्हणाला, "मामी, एकदम फास्ट मशीन देतो, गेम खेळायचंच मशीन आहे." आम्ही पैसे दिले. आला तो गुडघ्याएवढा उंच डबा. त्याच्यात लाल-निळे दिवे लागायचे. चालू केला की अंगणवाडीतली पोरं खिडकीशी येऊन म्हणायची, "विमान आलं, विमान आलं!" आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटायचं, एवढा आवाज करतोय म्हणजे दमदार असणार. आमचं काम काय, तर हप्ते लिहायचे, बेरजा करायच्या, बँकेला पत्र टाइप करायचं. म्हणजे आम्ही वाटीभर कोथिंबीर आणायला ट्रॅक्टर काढला होता, आणि त्याचं डिझेलही आम्हीच भरत होतो.

त्या आवाजानं आम्हाला दोनदा फटका दिला.

पहिला फटका रेडिओचाच. गावातल्या एका आजींना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. त्या रेकॉर्ड करून आपल्या रेडिओला पाठवायच्या ठरवल्या. ग्रामसंघाची एकच खोली, त्यातच तो डबा, त्यालाच माइक जोडलेला. आजी दोन तास गायल्या. पाठवल्यावर रेडिओच्या ताईंचा फोन आला, "आवाज छान आहे हो आजींचा, पण मागं गिरणी चालू होती का?" ती गिरणी म्हणजे आमचा कॉम्प्युटर. त्यांनी घरघर काढायचा प्रयत्न केला. पण घरघर आणि गाणं एकमेकांत पाणी-दुधासारखं मिसळलं होतं. घरघर काढली की आजींचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. ते रेकॉर्डिंग लागलंच नाही.

दुसरा फटका याहून मोठा. काही महिन्यांनी त्या डब्यातून नवा आवाज यायला लागला. टक्, टक्, टक्. थांबायचा, परत यायचा. आम्ही म्हटलं, येत असेल. दोन आठवडे तसंच चाललं. एक दिवस बटण दाबलं, पंखे फिरले, पण पडद्यावर काहीच नाही. आत हार्ड डिस्क असते, जिच्यावर सगळं साठवलेलं असतं, ती गेली होती. तिच्याबरोबर आठ महिन्यांचा हिशेब गेला.

वह्या होत्या, पण कॉम्प्युटर आल्यापासून वहीत लिहायचा कंटाळा झाला होता. मधली कितीतरी पानं कोरी. पुढच्या बैठकीत एका ताईंचा साडेतीन हजारांचा हप्ता कुठंच सापडेना. त्या शेतमजुरी करतात. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मी भरलेत पैसे." आणि खोलीत कुणी काही बोललं नाही. ती शांतता आम्ही विसरलेलो नाही. बाईनं सगळ्यांसमोर खरं सांगावं आणि कुणी ‘हो’ म्हणू नये, यापेक्षा वाईट काय असतं? त्या घरी गेल्या आणि पत्र्याच्या डब्यातली पावती शोधून घेऊन आल्या. तारीख, रक्कम, सही, सगळं होतं. आम्ही पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. पण त्या पावतीला उंदीर लागले असते तर?

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट बोचली. पिठाच्या गिरणीचा आवाज बदलला की आपण दारातूनच सांगतो, दगडांना टाकी लावायला झाली. शिलाई मशीन खडखडली की आपण तेल घालतो. विहिरीवरच्या मोटरनं हवा धरली तर आवाजावरून घरात बसून कळतं. एवढे कान तयार असलेल्या आम्ही बायका. आणि कॉम्प्युटर दोन आठवडे टकटक करून सांगत होता, तर आम्ही म्हटलं, हे इंग्रजी मशीन, आपल्याला त्यातलं काय कळणार!

म्हणून आधी समजून घेतलं की हा आवाज येतो कुठून.

कॉम्प्युटरच्या डब्यात, ज्याला दुकानात सीपीयू म्हणतात, त्यात मुख्य चिप असते, प्रोसेसर. सगळी गणितं ती करते आणि करताना तापते. साध्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बहुतेक वेळा ६५ वॅटचा असतो. आपले जुने पिवळे बल्ब आठवा, ६० वॅटचे. हात लावला तर भाजायचं. तेवढी उष्णता काडेपेटीएवढ्या चिपमधून निघते. ती बाहेर टाकायला वर धातूच्या पट्ट्या आणि त्यावर पंखा. चिप जास्त तापली की पंखा जास्त जोरात फिरतो, आणि आवाज वाढतो. आमच्या त्या गेमच्या मशीनमध्ये याहून तापट प्रोसेसर होता, आणि चित्रांसाठी वेगळं कार्ड, त्याला वेगळे दोन पंखे. सगळे मिळून घरघर.

पट्ट्यांमध्ये धूळ बसली की हवा जात नाही. मग पंखा आणखी जोर लावतो. म्हणजे पंख्याचा आवाज वाढला, तर आत उष्णता अडकली आहे असं समजायचं. उष्णतेनं आतले भाग लवकर म्हातारे होतात. छोटा पंखा जोरात फिरावा लागतो, मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा देतो. म्हणून डब्यात बारके पंखे खूप असण्यापेक्षा एक मोठा असलेला बरा.

आता ती टकटक. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये आत गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. त्यांच्यावर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर एक सुई तरंगत फिरते आणि लिहिते-वाचते. धक्का बसला, लाइट अचानक गेली, वय झालं, की ती सुई नीट बसत नाही. परत परत जागा शोधायला जाते. ती टकटक म्हणजे डिस्क शेवटचं सांगत असते, "माझ्यातलं काढून घ्या." असा आवाज आला तर त्याच दिवशी सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. उद्यावर टाकू नका.

आता त्या जागी एसएसडी मिळते. तिच्यात फिरणारं काही नाही. आवाज नाही, धक्क्याची भीती कमी, कॉम्प्युटर लवकर चालू होतो. पण एक लक्षात ठेवा, एसएसडी बिघडते तेव्हा टकटक करून सांगत नाही. काल होती, आज नाही, असं होऊ शकतं. म्हणून दुसरीकडे नक्कल ठेवावीच लागते. त्याचं पुढे सांगतो.

हे सगळं कळल्यावर आम्हाला उमगलं की शांत कॉम्प्युटर आणि टिकाऊ कॉम्प्युटर बहुतेक वेळा एकच असतो. कमी तापतो म्हणून पंखा हळू फिरतो, फिरणारे भाग कमी म्हणून झिजणारं कमी. शांतता ही शहरातल्या लोकांची चैन आहे असं आम्हाला वाटायचं. आता आम्ही दुकानात तीच आधी मागतो.

मग बैठक घेतली. पहिला प्रश्न आला, कॉम्प्युटर हवाच का? हा प्रश्न विचारायची लाज वाटू देऊ नका. एकट्या बचत गटाला, आमच्या मते, नको. वही नीट ठेवा. लोकोस ॲपची नोंद तर मोबाइलवर होते. पण ग्रामसंघाला चौदा गटांचं एकत्र लिहायचं, पत्रं काढायची, मालाची लेबलं छापायची, रेकॉर्डिंग करायचं, त्याला मोबाइल पुरत नव्हता. म्हणून घ्यायचं ठरलं. ३० हजारांची मंजुरी झाली, ठराव लिहिला, सह्या झाल्या.

दुसरा प्रश्न, लॅपटॉप की डबा? लॅपटॉपमध्ये बॅटरी असते, लाइट गेली तरी चालतो, हा मोठा फायदा. पण आमच्यातल्या एका ताईंनी विचारलं, "रात्री तो कुणाच्या घरी राहणार?" आणि सगळ्या हसल्या, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ज्या घरी राहणार त्या घरातली पोरं वापरणार, आणि बिघडला की वाद होणार. म्हणून आम्ही ऑफिसातच राहणारा, कुलपातला डबा ठरवला. तुमच्याकडे फिरतं काम जास्त असेल, गावोगाव जावं लागत असेल, तर तुमचं उत्तर वेगळं येईल. त्यात काही चुकीचं नाही.

आम्ही पाचजणी तालुक्याला गेलो. बरोबर बारावीतला एक मुलगा होता, इंग्रजी वाचायला. दुकानदार दादा त्या मुलाकडेच बघून बोलायला लागले. आमच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, "दादा, पैसे आमच्याकडं आहेत, आमच्याशी बोला." मग बोलले.

त्यांनी आधी दिव्यांचा डबा दाखवला. आम्ही म्हटलं, दिवे नकोत, आवाज न करणारा दाखवा. तेव्हा त्यांनी कपाटातून एक चपटा डबा काढला, जेमतेम मिसळणाच्या डब्याएवढा. याला मिनी पीसी म्हणतात. डेल, एचपी, लिनोव्हो या कंपन्या ऑफिससाठी असे डबे बनवतात. यात पुष्कळदा ३५ वॅटचा प्रोसेसर असतो, म्हणजे नेहमीच्यापेक्षा जवळपास निम्मा. इंटेलचा असेल तर क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी ‘टी’ अक्षर असतं. ते कमी तापणाऱ्याची खूण.

नवा आमच्या पैशात बसत नव्हता. दादांनी रिफर्बिश्ड दाखवला. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून काही वर्षांनी मशीन बाहेर काढतात, ती तपासून परत विकतात, त्याला रिफर्बिश्ड म्हणतात. यात फायदा आहे तशी जोखीमही आहे. आम्ही चार गोष्टी बघितल्या.

पहिली, पिढी. इंटेलच्या प्रोसेसरवर आय-थ्री, आय-फाइव्ह यानंतर आकडा असतो. ८५०० असेल तर आठवी पिढी, ६५०० असेल तर सहावी. विंडोज ११ आठव्या पिढीपासून पुढं चालतं. आणि विंडोज १० ला कंपनीनं नेहमीची सुरक्षा द्यायचं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. म्हणून सहावी-सातवी पिढी स्वस्तात देतो म्हणाले, तर सावध राहा. त्यावर लिनक्स चालतं, ते फुकट आणि चांगलं आहे, पण शिकवणारं कुणी गावात असेल तरच.

दुसरी, एसएसडी नवी टाकून मागा, आणि तिची वेगळी गॅरंटी लिहून घ्या. आमच्या कामाला २५६ जीबी पुष्कळ झाली. जुनी असेल तर दुकानदाराला म्हणा, किती तास चाललीय ते दाखवा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात डिस्कचे तास आणि तब्येत दिसते.

तिसरी, रॅम ८ जीबी. रॅम म्हणजे काम मांडायचा ओटा. ओटा लहान असला की भांडी सारखी उचलायची-ठेवायची. त्यापेक्षा कमी घेऊ नका.

चौथी, आवाज. हे आम्ही कसं तपासलं ते सांगतो. दादांना म्हटलं, दुकानातला पंखा दोन मिनिटं बंद करा आणि हा डबा चालू करा. ते हसले. म्हणाले, "ताई, इतक्या वर्षांत असं कुणी मागितलं नाही." पण केला बंद. आधी काही ऐकूच आलं नाही. आम्ही म्हटलं, आता याला कामाला लावा. एक व्हिडिओ लावला, आणखी चार खिडक्या उघडल्या, दहा मिनिटं चालू ठेवला. मग कान लावला आणि मागच्या जाळीपाशी हात धरला. गरम हवा बाहेर येत होती, म्हणजे पंखा काम करतोय. आवाज होता, पण बाहेरच्या चिमण्या त्याच्यापेक्षा मोठ्यानं ऐकू येत होत्या. खरखर, शिट्टी, टकटक, असलं काही नव्हतं. शांत आहे आणि गरम हवा बाहेर टाकतोय, या दोन्ही गोष्टी हव्यात. नुसता शांत पण आत तापणारा असेल तर त्याचा पंखाच बंद पडलेला असू शकतो.

बिल ग्रामसंघाच्या नावानं घेतलं, जीएसटीसकट. "बिलाशिवाय घ्या, कमी करतो" असं म्हणाले तर मान डोलवू नका. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी लागतो, तेवढे वाचतील असं वाटतं, पण बिल नसेल तर गॅरंटी मागायला तोंड राहत नाही. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आधी दुकानदाराशी बोला, नाही ऐकलं तर तिथं फोन करा. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, कारण बिलाची शाई उडते.

अडॅप्टर, यूपीएस अशा वस्तूंवर बीआयएसची खूण आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की खरा की खोटा ते कळतं. आम्ही दुकानात उभं राहूनच तपासला.

आता आपल्या गावाकडची खरी अडचण, लाइट. संध्याकाळी मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, बल्ब मिणमिणायला लागतात. आमचा जुना डबा अशा वेळी धाडकन बंद व्हायचा. या छोट्या डब्याला लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर आहे. त्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, इनपुट १०० ते २४० व्होल्ट. म्हणजे व्होल्टेज पडलं तरी तो तग धरतो. घेण्याआधी ती ओळ नक्की वाचा.

तरी यूपीएस लागतोच, कारण लाइट पूर्ण गेली तर हिशेब सेव्ह करून नीट बंद करायला वेळ मिळायला हवा. डबा कमी वीज खातो, त्यामुळे आम्हाला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पुरला. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो सुरू होताना एकदम खूप वीज ओढतो. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, ते पैसे आधीच बाजूला काढा. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, तिच्यात शिसं आणि आम्ल असतं. नवी घेताना दुकानदाराला परत द्या.

आणि अर्थिंग. धातूच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर हसण्यावारी नेऊ नका. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात घुसवू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. आमच्या खोलीत अर्थिंगची तार होती, पण दुसऱ्या टोकाला काही जोडलेलंच नव्हतं.

घरी आणल्यावर कॉम्प्युटर सांभाळायचा कसा, हेही ऐका. जमिनीवर ठेवू नका, झाडताना सगळी धूळ त्याच्यात जाते. भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा. आपल्याला सवय असते, टीव्हीवर विणलेला रुमाल, मिक्सरवर झालर. कॉम्प्युटरवर झाकण घाला, पण बंद असताना. चालू असताना झाकणं म्हणजे उन्हात रजई पांघरणं. दसऱ्याला पूजा करा, आम्हीही करतो, पण हळद-कुंकू वरच्या बाजूला बोटानं टेकवा, जाळीत जाऊ देऊ नका. ऊबेला मुंग्या आणि पाली येतात, म्हणून जवळ चहा-बिस्किटं नकोत. सहा महिन्यांनी एकदा दुकानात नेऊन हवा मारून घ्या, आणि हवा मारताना आतला पंखा बोटानं धरून ठेवायला सांगा, नाहीतर भलत्या वेगानं फिरून खराब होतो.

ज्यांना रेडिओसाठी रेकॉर्ड करायचंय त्यांना आणखी दोन शब्द. माइक तोंडापासून वीतभर ठेवा. लांबचा माइक जवळ आणला की आवाज मोठा येतो आणि खोलीतली घरघर मागे राहते. कॉम्प्युटर माइकच्या मागच्या बाजूला ठेवा, छताचा पंखा बंद करा, भिंतींवर दोन गोधड्या टांगा म्हणजे आवाज घुमत नाही. आमची खोली आता अशीच गोधड्या टांगलेली आहे.

हे बोलणंही त्याच खोलीत, त्याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड होतंय. आम्ही थोडा वेळ गप्प बसतो, तुम्हीच ऐका.

(थोडा वेळ शांतता)

ऐकू आला का? कोंबडा ओरडला तो शेजारचा.

आता हिशेबाचं, कारण सगळं त्यासाठीच केलं. आमचा नियम आता असा आहे. वही पहिली. पैसे घेतले की आधी वहीत लिहायचं, पावती द्यायची, मग कॉम्प्युटर. दर बैठकीनंतर हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवायचा. पेन ड्राइव्ह दोन आहेत. एक ऑफिसच्या कपाटात, एक कोषाध्यक्ष ताईंच्या घरी, आणि दर महिन्याला अदलाबदल. महिन्यातून एकदा पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून उघडतो का ते बघायचं. नक्कल आहे म्हणून निवांत बसावं आणि ती उघडूच नये, असं नको. हे काम कुणा एकीचं नाही, पाळीनं आहे. चौदा गटांतल्या नऊ ताईंना आता ते येतं. ज्या ताईंच्या हप्त्यावर त्या दिवशी शंका आली होती, त्यांनी सगळ्यात आधी शिकून घेतलं. त्या म्हणाल्या, "माझा हप्ता मी स्वतः टाइप केलेला बघणार." आता त्या बाकीच्यांना शिकवतात.

प्रश्न परत सांगतो, लिहून घ्या. एक, आम्हाला हा खरंच लागतो का, आणि कशासाठी? दोन, प्रोसेसर किती वॅटचा, कितव्या पिढीचा? तीन, एसएसडी नवी का, रॅम ८ जीबी का? चार, दहा मिनिटं कामाला लावून, दुकानातला पंखा बंद करून आवाज ऐकवाल का? पाच, अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का, बीआयएसची खूण आहे का? सहा, बिल संघाच्या नावानं आणि गॅरंटी लेखी मिळेल का? बिघडला तर दुरुस्ती इथं तालुक्यात होईल का, की पुण्या-मुंबईला पाठवावा लागेल? या सहांची उत्तरं न चिडता देणारा दुकानदार मिळाला, तर निम्मं काम झालं. चिडला तर दुसऱ्या दुकानात जा.

शेवटचं, आजींचं. नवा कॉम्प्युटर आल्यावर आम्ही त्यांना परत बोलावलं. त्या आल्या, गोधड्यांमध्ये बसून गायल्या, आणि ते रेकॉर्डिंग आपल्या रेडिओवर लागलं. तुमच्यातल्या काहींनी ऐकलंही असेल. पण पहिल्या वेळी गायलेल्या दोन ओव्या त्यांना आता आठवत नाहीत. जुन्या घरघरीत त्या आहेत, नीट ऐकू येत नाहीत. आम्ही कान लावून लावून एकीचा अर्धा भाग लिहून काढलाय. उरलेलं कुणाच्या आजीला, सासूला येत असेल, म्हणून आम्ही विचारत फिरतोय.

तुमच्याकडच्या आजींना बोलवायचं असेल, तर आधी खोली शांत करा. मग बोलवा.

नमस्कार.